मधली जागा

छ्वानचौ
६ मार्च १९९७

बियुन,

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षांनी आलेलं पत्र, आणि मोजून पाच ओळी. पोस्टमनने दारात आणून दिलं तेव्हा मी क्वानयिन देवीपुढचं पाणी बदलत होते. हात पुसले, मग घेतलं. अक्षर पाकिटावरच ओळखलं. शेवटच्या अक्षराचा फराटा अजून तसाच खाली ओढतेस.

हृदय थकलंय, जिने चढायचे नाहीत आणि प्रवास तर नाहीच, असं डॉक्टर म्हणाले हे वाचलं. सकाळच्या जपात तुझं नाव घालायला सुरुवात केली आहे. तुला चालत नसलं तरी घालणार.

तू दोन गोष्टी मागितल्यास. आपलं गाव आता कसं दिसतं ते तुला पाहायचंय. आणि तू लानचौच्या लोकरीच्या गिरणीत नोकरीला गेलीस त्याच्या आधी आईबरोबर स्टुडिओत काढलेला आपला तिघींचा फोटो, त्याची प्रत हवी आहे.

पहिलीचं बघते. तुला माहीत असायचं कारण नाही, पण मी आता फोटो काढते. आमचे हे शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जुन्या बाजारातून एक कॅमेरा आणला. दर रविवारी गावभर हिंडायचे. मी छत्री धरायला बरोबर. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा कॅमेऱ्यात अर्धी फिल्म शिल्लक होती. ती टाकून कशी द्यायची, म्हणून मी संपवली. तेव्हापासून चालू आहे. कामगार सभागृहात हौशी लोकांचं मंडळ भरतं, त्यात मी एकटीच बाई. मंडळातले लिआओ मास्तर म्हणतात, "सूलानबाई फोटो काढत नाहीत, तांदूळ निवडतात." कळीवर बोट ठेवून मी फार वेळ लावते म्हणून. एका फिल्ममध्ये छत्तीस फोटो असतात. कुठला कधी काढला, ऊन कुठून होतं, हे मी वहीत लिहून ठेवते. छत्तिसातले बत्तीस तरी बरे निघतात. मास्तरांचे दहा.

सोबत अकरा पाठवते आहे. फिल्म अजून संपलेली नाही, मास्तर अंधाऱ्या खोलीत काढलेला तेवढाच तुकडा कापून धुऊन देतात. मागे पेन्सिलीने नंबर घातले आहेत.

१ ते ४ पश्चिम रस्ता. दुमजली घरं तीच, खालची दुकानं बदलली. शेवयांची पेज देणारा कोपऱ्यावरचा म्हातारा गेला, सून चालवते. कालवं कमी घालते.

५ ते ८ मोठं देऊळ. दोन दगडी मनोरे होते तिथेच आहेत. सकाळी आठला पूर्वेकडच्या मनोऱ्याची सावली अंगणात निम्म्यापर्यंत येते, तेव्हा काढलेत. दुपारी दगड पांढरा फटक दिसतो, काही उपयोग नाही. आठव्यात मागचा खांब आहे. त्यावरचा तो परमुलखातला देव आठवतो का, झाडावर चढून बसलेला, आणि खाली पाण्यात बायका हात जोडून उभ्या? त्याने त्यांचे कपडे का पळवले हे तू देवळातल्या भिक्षूंना विचारलं होतंस. आई तुला कानाला धरून बाहेर घेऊन गेली. त्याचं नाक आता झिजलंय.

९ ते ११ तुतीचं झाड. वीज पडून त्याचे तीन फाटे झाले ते आपल्या जन्माच्या आधीच. खाली दगडी टेकू दिलेत. तिन्हींना यंदा पालवी आहे.

दुसऱ्या गोष्टीचं पुढे लिहीन. ट्रंक माळ्यावर आहे.

ताई


२० मार्च

बियुन,

"फोटो चांगले आहेत. पण गावात माणसं राहत नाहीत का?" एवढंच लिहिलंस. मी वही काढून पाहिली. खरंच, अकरांत एक माणूस नाही. आठव्यात एक केरसुणी आहे, पण ती भिंतीला टेकलेली.

मला माणसांचे फोटो काढायला आवडत नाहीत. माणूस उभा करायचा म्हणजे त्याला कुठे उभं करायचं हे सांगावं लागतं.

तरी तुझ्यासाठी म्हणून शुनफूला गेले, बसने, किनाऱ्यावर. कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती तू विसरली नसशील. तिथल्या बायका अजूनही अंबाड्याभोवती गजऱ्यांची वर्तुळं घालतात, एकावर एक, आणि मधोमध खोचलेली लांब पिन. मी एका भिंतीचा फोटो घेत होते. समोर एक सत्तरीची बाई कालवं फोडत बसली होती.

ती म्हणाली, "बाजूला होऊ का?"

"नको. भिंतीचाच घेतेय."

"मग मी काय भिंतीला आलेलं शेवाळ आहे? भिंत कुठे पळून चाललीय. मी पुढच्या वर्षी असेन नसेन. माझा घे."

मी म्हटलं, "हात थांबवा मग."

"हात थांबले तर सून म्हणेल सासू गेली," ती म्हणाली आणि फोडत राहिली. वर मला विचारते, "तुमच्या गावातल्या बायका डोकं असं मोकळं ठेवतात, कुणी मेलंय का तुमच्याकडे?"

मी सांगितलं, तीन वर्षं झाली. तिने हातातलं कालव टाकलं, आपल्या अंबाड्यातली मोगऱ्यासारखी फुलं काढली आणि माझ्या पिनेत खोचली. मी नको म्हणत होते. तिच्या हाताला समुद्राचा वास होता, दोन दिवस केसांत राहिला.

सोळावा फोटो तिचा आहे. एकटीच आहे.

१७ ते २२ लोयांगचा पूल. ओहोटीला गेले. खालच्या दगडांना कालवं चिकटलेली स्वच्छ दिसतात. मास्तर सांगत होते, बांधणाऱ्यांनी मुद्दाम वाढू दिली, चुन्यापेक्षा पक्की धरतात म्हणून. नऊशे वर्षं झाली. मी विसावा अगदी वाकून काढला, गुडघा ओला झाला. बघ, दगड कुठे संपतो आणि कालव कुठे सुरू होतं कळत नाही.

ट्रंक काढली होती. तिघींचा फोटो सापडला नाही. तळाशी वाळवी लागलेली दिसते. बहुतेक त्यात गेला. आईची पितळी कंगवापेटी मात्र आहे, हवी असल्यास पाठवते.

औषधं वेळेवर घे. लाओ थांगना नमस्कार सांग. मी तुझ्या नवऱ्याला पाहिलेलं नाही, पण या वेळी पाकिटावरचा पत्ता त्यांनी लिहिलाय असं वाटतं, अक्षर रेल्वेच्या माणसाचं आहे.

ताई


२९ मार्च

बियुन,

"वाळवीने खाल्ला असेल तर उरलेला तुकडा पाठव." हे तू लिहिणार हे मला माहीत असायला हवं होतं. लहानपणीही तू असंच करायचीस. मी म्हणायचे खाऊ संपला, तू म्हणायचीस कागद दाखव.

काल क्वान देवाच्या देवळात गेले. यावेळी कॅमेरा पिशवीतच ठेवला, कारण कौल लावायचा होता. तुला लानचौला असं काही मिळत नसेल. लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या, नाव गाव सांगितलं, प्रश्न मनात धरला आणि टाकल्या. एक उताणी एक पालथी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. माझ्या दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला.

पुन्हा टाकल्या. पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदाही त्याच.

तिथे चंद्रकोरी उचलून टोपलीत ठेवणारी एक बाई असते, वर्षानुवर्षं तीच आहे. ती म्हणाली, "काय विचारलंत एवढं हसण्यासारखं?"

"घरचं आहे."

"एकदा हसला तर प्रश्न नीट मांडला नाही म्हणून. तीनदा हसला तर, ताई, उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही त्याच्याकडून दुसरं काढायला बघताय. लोक त्याला भाव पाडून देणारा दुकानदार समजतात."

"तुम्ही सगळ्यांना असंच सांगता का?"

"ज्यांना तीनदा हसतो त्यांना. वर्षात पाच-सात असतात. निम्म्या सासवा."

मी उदबत्ती लावून बाहेर आले. दारातल्या दगडी सिंहाचा एक फोटो घेतला, चोविसावा. प्रकाश कमी होता, तो फुकट जाईल असं वाटतं.

काय विचारलं होतं ते सांगते. विचारलं होतं, फोटो नाही पाठवला तर चालेल ना. म्हणजे फोटो आहे. वाळवी नाही. तो ट्रंकेतही नव्हता, माझ्या सूत्राच्या पोथीत असतो, पहिल्यापासून. रोज पोथी उघडते, रोज बघत नाही.

मी खोटं लिहिलं. इतकंच आज लिहवतंय. खिडकीतून ऊन चांगलं आलं की त्याची प्रत मीच काढीन. स्टुडिओतल्या लोकांच्या हाती द्यायचा नाही तो.

ताई


८ एप्रिल

बियुन,

छिंगमिंगचा सण झाला. पाच तारखेला आईच्या थडग्यावर गेले. मुलगा श्यामेनहून आला होता, गवत त्याने कापलं, मी झाडलं. पातळ पोळीत भाज्या, कालवं आणि शेंगदाण्याचा कूट गुंडाळून नेला होता, आईला आवडायचा तसा. तुझ्या वाटची एक गुंडाळी वेगळी ठेवली होती. दर वर्षी ठेवते. मग ती मुलगा खातो.

आता फोटोचं.

चार तारखेला सकाळी तो खिडकीच्या चौकटीला टेकवून त्याचा फोटो काढला. चौतिसावा. फोटोचा फोटो काढायचा तर फार जवळ जावं लागतं, श्वास धरून. बावीस वर्षांत मी त्याच्याकडे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मूळ फोटो या पाकिटात आहे, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. प्रत मी ठेवून घेतली. उलट करायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण मूळ फोटोत एक गोष्ट दिसते ती प्रतीत नीट येत नाही, आणि ती तुला दिसायला हवी.

आधी तुला त्या दिवसाची आठवण करून देते. मी पोटुशी होते, चौथा महिना. तुझं नोकरीचं पत्र आलेलं. तू म्हणालीस, तिघींचा फोटो काढू. शेजारच्या शिए काकू दारातच म्हणाल्या, "तिघींचा नका काढू ग, मधलीला बाधतो. माझा नातू घेऊन जा मांडीवर, चार होतील." मी नेऊ म्हणत होते. तू हसलीस. म्हणालीस, "आमच्या फोटोत उसनं मूल कशाला? आणि ताईच्या पोटातलं धरलं तर चारच आहोत." आई पण हसली. म्हणून मी मूल न घेताच निघाले.

स्टुडिओतल्या टकल्या फोटोग्राफरने आईला डाव्या बाजूला खुर्ची दिली. मला सांगितलं, "थोरली उंच आहे, मध्ये उभी राहा. धाकटीला उजवीकडे येऊ दे." तू तेव्हा पडद्यामागे आरशापुढे वेण्या नीट करत होतीस. तू हे ऐकलं नाहीस.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. मग म्हटलं, चपलेचा पट्टा सुटलाय. सुटला नव्हता. वाकले, सरकले, भिंतीपाशी उजवीकडे जाऊन उभी राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं. खुर्ची उचलली सुद्धा नाही, बसल्या बसल्या पायांनी रेटत मध्ये ओढली. तू पडद्यामागून आलीस आणि जी जागा मोकळी होती तिथे उभी राहिलीस. डावीकडे.

आता फोटो हातात घे आणि खाली बघ. आईच्या खुर्चीच्या पुढच्या पायाशी जाजम गोळा झालंय. एक मोठी चुणी. खुर्ची उचलून ठेवली असती तर चुणी पडली नसती. ती ओढली गेली, उजवीकडे, माझ्या जागेकडे. कुणीही नीट बघितलं तर कळेल. म्हणून तो कुणाला बघू दिला नाही.

आई पौषात गेली. छाती आधीपासूनच भरत होती, डॉक्टरांनी आम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तू चार दिवस गाडीत बसून आलीस, पोचलीस तोवर माती देऊन झाली होती. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या जेवणात मामा-मावश्यांसमोर मी म्हणाले, "तिघींचा फोटो हिनेच काढायला लावला. आईला मध्ये हिनेच बसवलं." तू वाडगं खाली ठेवलंस आणि उठलीस. माझ्या दारातून तू न जेवता गेलीस हे मी त्या वेळी सगळ्यांना तक्रार म्हणून सांगितलं.

मला भीती वाटली होती, स्वतःची आणि पोटातल्याची. ते कारण आहे. त्याने फोटोतलं जाजम सरळ होत नाही.

आई मुद्दाम सरकली की नुसती मोकळी जागा भरली, मला माहीत नाही. पुष्कळ वर्षं मी पहिलं धरून चालले. नंतर दुसरं. आता दोन्ही सोडून दिलं आहे.

पस्तिसावा फोटो आईच्या थडग्याचा. गवत कापल्यानंतरचा. मागे मुलाची छत्री आली आहे.

छत्तिसावा राहिला होता. सहा तारखेला मोठ्या देवळात गेले, फिल्म संपवायला. तुतीच्या झाडाशी वेनचौहून आलेली एक आई आणि तिची विशीतली मुलगी होती. मुलीने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, त्यांच्या कॅमेऱ्यावर. काढला. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पण या ना आमच्यात. तुमच्या कॅमेऱ्याला ती आपोआप पडणारी कळ आहे ना?"

तिची आई लगेच म्हणाली, "तिघींचा नको. मधलीला बाधतो."

"आई, हे पुस्तकात कुठे आहे?"

"तुझ्या पुस्तकात सगळं असतं, फक्त आईचं ऐकायचं नसतं."

"मग मी राहते मध्ये."

"तू तर मुळीच नाही. लग्न व्हायचं आहे तुझं," आई म्हणाली आणि तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. अगदी तसंच, बियुन, जशी कुणीही आई ओढेल.

मी म्हटलं, "मी मध्ये उभी राहते. माझं सगळं होऊन गेलंय."

कॅमेरा दगडी कठड्यावर ठेवला. कळ दाबली की दहा सेकंद तो गुरगुरतो. तेवढ्या वेळात पळत जायचं. मुलगी ओरडली, "मावशी, छिएझ म्हणा." वांग्याच्या या शब्दाने ओठ फाकतात म्हणून आजकाल सगळे तेच म्हणतात. मी तोंड मिटूनच ठेवलं, पण मध्ये उभी राहिले. मागे झाडाचे तीन फाटे आले आहेत. कडेला केरसुणी पण आली आहे.

तोही पाठवते आहे. आज दोन दिवस झाले. डोकं दुखलं थोडं, ते उन्हाने.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

सूलान


१ मे

बियुन,

तुझं उत्तर नाही आलं. लाओ थांगचं आलं, परवा. त्यांनी लिहिलंय: "पत्र तिने दोनदा वाचलं. फोटो उशाशी ठेवलाय. मधून मधून खालच्या बाजूला बोट फिरवत असते, जाजम सारखं करावं तसं. तुम्हाला यायचं असल्यास मी नको म्हणणार नाही. तिला विचारलं तर भिंतीकडे वळते."

हे वाचून मी देवळात गेले नाही. कौल लावला नाही. तिकीट काढायला गेले.

अकरा तारखेला संध्याकाळी साडेपाचला पोचते. इथून बसने श्यामेन, तिथून गाडी, वाटेत एकदा बदलायची. बसायला टणक बाकच आहे, झोपायची जागा मिळत होती, घेतली नाही. तू आईसाठी आलीस तेव्हा चार दिवस बसूनच आली होतीस.

तुझ्याकडे तीन जिने आहेत असं लाओ थांग लिहितात. तू खाली यायचं नाही. स्टेशनवर त्यांनी यावं की नाही हे तू ठरव. कुणी दिसलं नाही तर मी मनाला लावून घेणार नाही. तुमच्याकडे पिवळ्या नदीवर लोखंडी पूल आहे, मंडळातल्या एकाने त्याचा फोटो आणला होता, आकाश फार घेतलं होतं त्याने. तो नीट काढीन, कंगवापेटी तुमच्या इमारतीच्या दारवानाकडे ठेवीन आणि परतीच्या गाडीला बसेन. दोन फिल्म घेतल्या आहेत.

पण कुणी आलं, तर वर येईन. तुला सवड झाली, डोळे पुसून झाले, किंवा मला दोन शब्द ऐकवून झाले, की मग एक फोटो काढू. खिडकीपाशी, सकाळी. तू खुर्चीत बस, तू बसशील तिथे. लाओ थांग दुसऱ्या बाजूला. खुर्ची मी उचलून ठेवीन, ओढणार नाही.

मधली जागा माझी. आणि शेजारचं मूल उसनं आणायचं नाही.

ताई